उठून जाणारा प्रेक्षक



उठून जाणाऱ्या प्रेक्षकाविषयी व्याख्यान द्यायचे, यात वक्त्याला थोडा धोका आहे हे मी जाणून आहे. वसंतातली संध्याकाळ, उघडे पटांगण, कोपऱ्यावर भेळेची गाडी. विषयाचे नाव ऐकून एखाद्याला तो प्रयोग इथेच करून पाहावासा वाटायचा! तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. नटाने कसे बोलावे, लेखकाने काय लिहावे, दिग्दर्शकाने कुठे आवरते घ्यावे, यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. प्रेक्षकाने काय करावे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. जणू प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून आलेला पाहुणा. त्याचे काही चुकत नाही आणि त्याच्यावर कसली जबाबदारीही नाही. हे खरे आहे काय, एवढेच मला आज आपल्याबरोबर तपासून पाहायचे आहे.

आपण मराठी माणसे मुळात नाटकवाली. संगीत नाटकांच्या काळात पद रंगले की 'वन्समोअर' पडे, आणि नाही रंगले की मागच्या बाकांवर कुजबूज सुरू होई. नटाला ते त्याच क्षणी कळे. दुसऱ्या गावच्या प्रयोगात तो एखादे वाक्य उशिरा टाकी, एखादा प्रवेश आटोपता घेई. नाटक असे प्रेक्षकाच्या संगतीने घडत जाते. चित्रपटाचे तसे नाही. तो एकदा तयार होऊन डब्यात बंद झाला की झाला. आपण हसा, रडा, शिट्ट्या वाजवा किंवा घरी जा. पडद्यावरची माणसे तीच वाक्ये त्याच सुरात बोलत राहतात. कारण ती माणसे नव्हेतच, सावल्या आहेत. आणि सावल्यांना ऐकू येत नाही.

आज मी ज्या चित्रपटाची हकीकत सांगणार आहे त्याचे नावच मुळी 'शॅडोज', म्हणजे 'सावल्या', असे आहे. गंमत अशी की या सावल्यांना मात्र एकदा ऐकू आले. प्रेक्षक उठून गेले, ते चित्रपटकर्त्याने पाहिले, आणि तयार झालेला चित्रपट त्याने पुन्हा घडवला. त्यावर मोठे भांडणही झाले. ते भांडण आज साठ वर्षांहून जुने झाले आहे, पण त्यातला प्रश्न जुना झालेला नाही.

चित्रपटकर्त्याचे नाव जॉन कॅसाव्हेटीस. जन्म न्यूयॉर्कचा, 1929 सालचा. आईवडील ग्रीक वंशाचे. 1957 साली हा सत्तावीस वर्षांचा तरुण नट म्हणून थोडाफार नावारूपाला आला होता. एका मित्राबरोबर त्याने न्यूयॉर्कमध्ये अभिनयाची एक कार्यशाळा चालवली होती. तिथे लिहिलेली संहिता हाती न देता, केवळ प्रसंग सांगून नटांना बोलते करण्याचा सराव चाले. असाच एक प्रसंग निघाला. एक तरुणी आहे. ती निग्रो घरातली, तेव्हाचा शब्द हाच. पण तिचा रंग इतका उजळ की ती कुठेही गोरी म्हणून खपून जाते. एक गोरा तरुण तिच्या प्रेमात पडतो आणि मग त्याला तिचे घर कळते. एवढेच बीज. नटांनी ते असे काही फुलवले की कॅसाव्हेटीसला वाटले, याचा चित्रपट झाला पाहिजे.

पण पैसा? त्या काळी न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर जीन शेपर्ड नावाचा एक गप्पिष्ट रात्री उशिरा श्रोत्यांशी बोलत असे. जागरण करणाऱ्या त्याच्या श्रोतृवर्गाला 'नाइट पीपल', म्हणजे रात्रीची मंडळी, असे नावच पडले होते. कॅसाव्हेटीस त्याच्या कार्यक्रमात गेला होता तो स्वतः काम केलेल्या दुसऱ्याच एका चित्रपटाची जाहिरात करायला. बोलता बोलता तो म्हणाला की माणसांविषयीचा खरा चित्रपट लोकांना पाहायचा असेल तर लोकांनीच त्यासाठी एकेक दोनदोन डॉलर पाठवावेत. आणि लोकांनी ते खरोखरच पाठवले! सुमारे दोन हजार डॉलर असे जमले. आपल्याकडे गणपतीची किंवा वाचनालयाची वर्गणी जमते, तशी ही एका न झालेल्या चित्रपटाची वर्गणी जमली. पुढे मित्रांकडून, ओळखीपाळखीतून आणखी पैसा उभा राहिला. सगळा मिळून खर्च झाला सुमारे चाळीस हजार डॉलर. ही रक्कम किती लहान होती ते सांगतो. 1959 साली पडद्यावर आलेल्या 'बेन-हर' या भव्य चित्रपटाला दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला होता. म्हणजे तेवढ्या पैशात असे पावणेचारशे 'शॅडोज' निघाले असते!

चित्रण झाले सोळा मिलिमीटरच्या फितीवर. हातात धरून चालता येईल असा कॅमेरा, शिकाऊ नट, न्यूयॉर्कचे रस्ते आणि राहती घरे. बोलणी लिहिलेली नसल्याने कोणी नेमके काय म्हटले याची नोंद नव्हती, आणि ध्वनिमुद्रणात आजूबाजूचा गोंगाट शिरलेला. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणारी माणसे बोलावून बोलणी जुळवावी लागली, असे सांगतात. यात दीड-एक वर्ष गेले.

आता कथानक थोडक्यात. तीन भावंडे आहेत. थोरला ह्यू, हा गायक. वर्णाने काळा, जबाबदार, आणि पोटासाठी हलक्या करमणुकीच्या ठिकाणी गाणाऱ्या माणसाला जे अपमान गिळावे लागतात ते गिळणारा. मधला बेन, रंगाने उजळ. मित्रांबरोबर रात्र रात्र भटकणारा, कुठेच न रुजलेला. आणि धाकटी लेलिया, वीस वर्षांची. हुशार, लहरी, थोडी आपमतलबी, मोठे होण्याची घाई झालेली. तिची टोनी या गोऱ्या तरुणाशी गाठ पडते. एका रात्री ती त्याच्या घरी राहते. आपल्या कथाकादंबऱ्यांत अशा रात्रीनंतर एक तर चांदणे पडते, नाही तर वीज कोसळते. इथे दोन्ही होत नाही. ती मुलगी सरळ सांगते की हे इतके वाईट असेल असे मला वाटले नव्हते. टोनी गोंधळतो, समजूत घालू पाहतो, आणि त्याला शब्द सापडत नाहीत. मग तो तिच्याबरोबर तिच्या घरी येतो. दार उघडते आणि थोरला भाऊ आत येतो. टोनी त्याच्याकडे पाहतो, तिच्याकडे पाहतो. कोणी काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा बदलतो. तो काहीतरी निमित्त काढून निघू लागतो, आणि ह्यूला सगळे उमगते. तो टोनीला घराबाहेर काढतो.

हा प्रसंग कोणत्या काळात दाखवला जात होता ते ध्यानात घ्या. हॉलिवुडच्या आचारसंहितेने काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास अनेक वर्षे मनाई केली होती. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत असे लग्न हा कायद्याने गुन्हा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते 1967 सालच्या जूनमध्ये, आणि तोवरही सोळा राज्यांत ते शिल्लक होते. त्याच वर्षी याच विषयावर हॉलिवुडचा एक गाजलेला चित्रपट आला, 'गेस हू'ज कमिंग टू डिनर'. त्यात मुलीने निवडलेला तरुण निग्रो आहे, पण तो जगन्मान्य डॉक्टर आहे, विनयी आहे, निर्व्यसनी आहे. रंग सोडला तर त्याच्यात नाव ठेवायला जागाच नाही. शेवटी मुलीचा बाप एक सुंदर भाषण करतो आणि प्रेक्षक डोळे पुसत, मन स्वच्छ झाल्याच्या समाधानात घरी जातो. 'शॅडोज'मध्ये असे भाषण नाही. लेलिया आदर्श मुलगी नाही आणि टोनी खलपुरुष नाही. तो तुमच्याआमच्यासारखा, आपण चांगले आहोत असे समजणारा एक तरुण आहे, आणि ऐन वेळी त्याचा चेहरा त्याला फसवतो. कोणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. ज्याचे त्याने ठरवायचे.

1958 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या 'पॅरिस' नावाच्या चित्रपटगृहात मध्यरात्रीचे फुकट खेळ लावण्यात आले. नभोवाणीवरून पुन्हा आमंत्रण गेले, आणि मंडळी आली. गर्दी चांगली झाली. मग एकेक करून लोक उठू लागले.

ज्यांच्यापैकी काहींनी पदरचे डॉलर पाठवून हा चित्रपट जन्माला घातला, त्यांच्याच समोर तो उभा राहीना. कॅसाव्हेटीस पुढे सांगत असे की त्याच्या वडिलांनी मात्र त्याची बाजू सांभाळली. चित्रपट चांगला नसेल, पण निर्मळ आहे, अशा अर्थाचे ते बोलले. बाप तो बापच! पण बापाच्या कौतुकावर चित्रपट चालत नाहीत.

इथे आपण जरा थांबू. प्रेक्षक उठून गेला म्हणजे नेमके काय झाले? माझ्या मते उठण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला शरीराचा. आवाज नीट येत नाही, चित्र अंधुक आहे, गोष्ट पुढे सरकत नाही. पाठ दुखू लागते आणि माणूस उठतो. यात दोष कलाकृतीचा, आणि प्रेक्षकाला उठण्याचा पूर्ण अधिकार. दुसरा प्रकार सवयीचा. आपण श्रीखंड खायला आलो आणि ताटात भाकरी वाढली गेली. भाकरी वाईट नाही, पण आपण तयारी केली होती श्रीखंडाची. यात दोष कोणाचाच नाही. मात्र थोडा वेळ बसले तर भूक भाकरीनेही भागते हे कळते. तिसरा प्रकार अवघड. पडद्यावर जे चालले आहे ते फार जवळ आले आहे. टोनीचा चेहरा बदलतो तेव्हा आपला स्वतःचा कधीतरी बदललेला चेहरा आठवतो. भाड्याने जागा मागायला आलेल्या माणसाने आडनाव सांगितल्यावर बदललेला, मुलीने मित्राचे नाव सांगितल्यावर बदललेला. मग आपल्याला एकदम आठवते की उद्या सकाळी लवकर उठायचे आहे, आणि आपण चपला शोधू लागतो.

तिन्ही प्रकारांत बाहेरून दिसते ते एकच : एक रिकामी खुर्ची. रिकाम्या खुर्च्या मोजणे सोपे आहे. धंदेवाईक माणूस त्या मोजतो आणि म्हणतो, लोकांना श्रीखंड हवे, श्रीखंड द्या. मानी कलावंत त्या मोजतो आणि म्हणतो, लोक गाढव आहेत. कॅसाव्हेटीसने या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत, म्हणून त्याची हकीकत मला सांगावीशी वाटते. त्याने पुन्हा पैसे उभे केले, 1959 साली नटांना पुन्हा गोळा केले, सुमारे दहा दिवस नवे चित्रण केले आणि चित्रपटाचा मोठा भाग नव्याने बांधला. गोष्ट गोड केली नाही. लेलियाला टोनीशी लग्न लावून दिले नाही. बेनला नोकरी लावली नाही. शेवटी बेन मार खाऊन रात्रीच्या रस्त्यावर एकटाच निघून जातो, तो तसाच जातो. बदलले ते हे की माणसांना अधिक जागा मिळाली, त्यांचे परस्परांशी असलेले नाते स्पष्ट झाले. पहिल्या खेपेला आपण कॅमेऱ्याच्या, सुंदर दृश्यांच्या आणि प्रयोगासाठी प्रयोगाच्या प्रेमात पडलो होतो आणि माणसे मागे राहिली, असे त्याने पुढे जाहीरपणे लिहिले.

'लोकांना काय आवडेल?' हा एक प्रश्न आहे. 'लोकांपर्यंत काय पोचले नाही?' हा दुसरा. पहिला प्रश्न विचारणारा माणूस दुकानदार होतो. दुसरा प्रश्न विचारणारा कलावंत राहतो, आणि तरीही प्रेक्षकाचा मान राखतो. आईने मुलाला औषध दिले आणि मुलाने ते थुंकले, तर औषधाऐवजी साखर देणारी आई शहाणी नव्हे, आणि मुलाला बदडणारीही नव्हे. ती मधाचे बोट लावते, चमचा बदलते, वेळ बदलते. पण औषध तेच ठेवते.

11 नोव्हेंबर 1959 रोजी नवा 'शॅडोज' न्यूयॉर्कच्या 'सिनेमा 16' या चित्रपट मंडळात दाखवला गेला. आमोस व्होगेल यांनी चालवलेले हे सभासदांच्या वर्गणीवरचे मंडळ त्या काळी फार नामांकित होते. प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. पण आता दुसऱ्याच बाजूने गडगडाट झाला.

जोनास मेकास हे लिथुआनियातून निर्वासित म्हणून आलेले कवी आणि समीक्षक. धंदेवाईक चित्रपटाबाहेर काही घडावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले; 2019 साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते वारले. पहिल्या 'शॅडोज'चे मोल त्या थोड्या मंडळींत ओळखणारे ते एक. त्यांच्या 'फिल्म कल्चर' या नियतकालिकाने 1959 च्या जानेवारीत स्वतंत्र चित्रपटासाठीचे आपले पहिलेवहिले पारितोषिक त्यालाच दिले होते. दुसरी आवृत्ती पाहून ते संतापले. 1960 च्या जानेवारीत 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात त्यांनी लिहिले की आपण गौरवला तो हा चित्रपट नव्हे. त्यातली उत्स्फूर्तता गेली आणि उरला तो चारचौघांसारखा एक चित्रपट. कॅसाव्हेटीसने त्याच साप्ताहिकात उत्तर दिले, की दुसरी आवृत्ती पहिलीहून सरस आहे आणि ती कोणाच्या दडपणाने केलेली नाही.

आता यात कोण बरोबर? मेकास हे स्वार्थी नव्हते, भाबडेही नव्हते. जे लोकांना दिसले नाही ते त्यांना दिसले होते. आपल्या शास्त्रकारांनी, अभिनवगुप्ताने विशेषतः, 'सहृदय' म्हणून ज्याचे वर्णन केले, काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा रसिक, त्याच कोटीतले ते होते. पण सहृदयालाही एक मोह असतो. जी गोष्ट सर्वांच्या आधी आपल्याला आवडली ती तशीच राहावी, चौघांना कळू लागली की ती उतरली, असे त्याला वाटू लागते. मला वाटते, उठून जाणारा प्रेक्षक जसा चित्रपटाला अपुरा पडतो, तसा आपल्या पहिल्या आवडीला घट्ट धरून बसणारा प्रेक्षकही कधीकधी अपुरा पडतो. म्हणून मी या भांडणात कॅसाव्हेटीसच्या बाजूचा आहे. मात्र एक गोष्ट मेकास यांच्या पारड्यात टाकली पाहिजे. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर एक पाटी येते, की आपण आत्ता पाहिलेला चित्रपट ही उत्स्फूर्त रचना होती. नंतर या चित्रपटाचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे प्राध्यापक रे कार्नी यांनी दाखवून दिले की 1959 साली घेतलेल्या प्रसंगांतले बरेचसे बोलणे आधी लिहिलेले होते. ती पाटी पूर्ण सत्य नव्हती. प्रेक्षकाने कलावंताला खरी प्रतिक्रिया द्यावी असे म्हणायचे, तर कलावंतानेही प्रेक्षकाला खरे सांगितले पाहिजे. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख हवा.

पुढची कथा लवकर सांगतो. पिकते तिथे विकत नाही, या न्यायाने हा न्यूयॉर्कचा चित्रपट आधी युरोपात मान्य झाला. 1960 साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांचे पारितोषिक मिळाले, लंडनमध्ये तो गाजला, एका ब्रिटिश संस्थेने तो वितरणासाठी घेतला. आणि मग 1961 च्या मार्चमध्ये तो आपल्या गावी रीतसर प्रदर्शित झाला. चित्रण सुरू झाल्यापासून चार वर्षांनी! 1993 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याचा समावेश झाला. हरवली असे समजली जाणारी पहिली आवृत्ती कार्नी यांना सापडली आणि 2004 साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवली गेली. तेव्हा कॅसाव्हेटीस हयात नव्हता; तो 1989 सालीच गेला. त्याने स्वतः बाजूला ठेवलेली आवृत्ती लोकांपुढे यावी की नाही, यावर त्याच्या कुटुंबाने हरकत घेतली. म्हणजे त्या मध्यरात्री उठलेल्या प्रेक्षकांमुळे सुरू झालेला वाद चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही मिटला नव्हता.

एखादा श्रोता विचारील, की अहो, हे न्यूयॉर्कचे झाले, आपले काय? वर्गणीच्या चित्रपटाचे उदाहरण आपल्याकडेही आहे. 1976 सालचा श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला. त्याच्या पटकथेला आपल्या विजय तेंडुलकरांचा हात लागला होता आणि स्मिता पाटील यांनी त्यात काम केले होते. तो लागला तेव्हा शेतकरी मालमोटारी भरभरून आपला चित्रपट पाहायला आले. तिथे कोणी उठून गेले नाही, कारण पडद्यावर त्यांचेच दूध, त्यांचीच डेअरी आणि त्यांचीच भांडणे होती. न्यूयॉर्कच्या रात्रीच्या मंडळींनी मात्र काय दिसणार हे न जाणता पैसे दिले होते. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : दोन रुपये देणारा काय आणि एक डॉलर देणारा काय, तो नुसता पाहुणा राहिला नाही. त्याचा त्यात वाटा झाला. आणि वाटेकऱ्याचे काम केवळ टाळ्या वाजवणे नव्हे. विहीर सगळ्यांच्या वर्गणीने खणली आणि पाणी मचूळ लागले, तर 'छान, छान' म्हणणारा वाटेकरी गावाचे हित करत नाही. आणि न सांगता दुसऱ्या विहिरीवर जाणाराही करत नाही.

आज आपल्या गावागावांतली मुले हातातल्या फोनवर चित्रपट करतात. पदरचे चार पैसे, मित्रांचे घर, बहिणीची साडी, मावसभावाची मोटारसायकल. विषय बहुधा तोच असतो जो कॅसाव्हेटीसचा होता : दोन तरुण माणसे एकमेकांजवळ येतात आणि मध्ये काहीतरी उभे राहते. कधी जात, कधी पैसा, कधी नुसता स्वभाव. एखाद्या सभागृहात खेळ होतो, दिवे लागतात, आणि तो पोरगा किंवा ती पोरगी घाबऱ्या चेहऱ्याने आपल्यासमोर उभी राहते. आपण काय म्हणतो? 'चांगला प्रयत्न आहे.' या तीन शब्दांइतका निरुपयोगी आहेर जगात दुसरा नसेल. नाही तर मागच्या दाराने निघून जातो आणि घरी येऊन म्हणतो, हल्लीच्या पोरांना काही कळत नाही.

माझी विनंती साधी आहे. त्या मुलाला एवढेच सांगावे, की बाबा, अमुक ठिकाणापर्यंत मी तुझ्याबरोबर होतो आणि अमुक ठिकाणी माझा हात सुटला. असे करायला हवे होतेस, हे सांगू नये. ते त्याचे काम. पण हात कुठे सुटला हे फक्त आपणच सांगू शकतो, कारण हात आपला होता. आणि सांगण्यापूर्वी आपल्याशी एकदा प्रामाणिकपणे विचारावे, की मी त्या क्षणी उठलो तो कंटाळून उठलो, सवय मोडली म्हणून उठलो, की गोष्ट फार जवळ आली म्हणून उठलो? हे तिसरे उत्तर आले, तर परत येऊन बसावे.

शेवटचे सांगतो. उठून जाणारा प्रेक्षक फक्त चित्रपटगृहात नसतो. तो घरातही असतो. लेलियाची गोष्ट मला अस्वस्थ करते ती अमेरिकेमुळे नव्हे. रात्री जेवणे झाल्यावर वीस वर्षांची मुलगी काहीतरी सांगू लागते. तिचे सांगणे विस्कळीत असते, आवाज नीट लागत नाही, गोष्ट पुढे सरकत नाही, आणि बाजू कोणाची घ्यायची ते कळत नाही. वडील वर्तमानपत्र उचलतात, आई ताटे आवरायला उठते, भाऊ बाहेर पडतो. ती बिचारी काही कॅसाव्हेटीस नव्हे, की पुन्हा पैसे उभे करून, सगळ्यांना गोळा करून, तीच गोष्ट दुसऱ्यांदा अधिक चांगली सांगेल. बहुधा ती दुसऱ्यांदा सांगतच नाही. तिथे पहिली आवृत्ती हीच शेवटची असते. म्हणून तिथे तरी, गोष्ट कितीही अडखळत चालली असली तरी, आपण पुरते बसून ऐकावे.